डोल्ट डेटाबेसमध्ये काल टाकलेला डेटा आज दिसत नाही? काहीही पुसायच्या आधी हे क्रमाने बघा

आधी लक्षणं. यातलं एक जरी जुळत असेल तर पुढे वाचा.

– काल संध्याकाळी ओळी टाकल्या, दिसतही होत्या, आज सिलेक्ट (डेटा बघायची कमांड) मारलं तर नाहीत. एरर कसलीच नाही.
– ओळी दिसतात, पण लॉगमध्ये तुमचं कमिटच नाही.
– ॲपमधून बघितलं तर डेटा आहे, टर्मिनलमधून बघितलं तर नाही. किंवा बरोबर उलटं.
– तुम्ही पुश केलं, ओझरला बसलेल्या माणसाने पुल केलं, त्याच्याकडे नवं टेबल आलंच नाही.
– मर्ज करताना लांबलचक एरर आली आणि नंतर सगळं पूर्वीसारखंच, जणू मर्ज केलंच नव्हतं.
– सीएसव्हीत ४१२ ओळी होत्या, टेबलात ३९७ च भरतायत.

मी नाशिकमध्ये द्राक्ष बागायतदारांच्या गटांना आणि पॅकहाऊसना प्लॉटचं रजिस्टर, फवारणीच्या नोंदी, मालाची आवक असला डेटा एक्सेलमधून काढून डेटाबेसमध्ये बसवून देते. गेल्या तीन सीझनमध्ये "ताई, डेटा उडाला" असा फोन इतक्यांदा आलाय की आता मी मोजत नाही, आणि बहुतेक वेळा डेटा उडालेला नव्हताच, तो दुसऱ्या फोल्डरमध्ये होता, दुसऱ्या ब्रँचवर होता, नाहीतर कमिट न होता तसाच पडून होता. पण दोन ठिकाणी मी पोचायच्या आधीच कोणीतरी घाबरून रीसेट मारलं होतं. त्यातल्या एका गटाच्या आठ दिवसांच्या फवारणी नोंदी शेतकऱ्यांच्या डायऱ्या गोळा करून पुन्हा भराव्या लागल्या, आणि ते ऐन छाटणीनंतरच्या धावपळीत, जेव्हा कोणाला दोन मिनिटं बसायला वेळ नसतो. ते टाळता आलं असतं, म्हणून हे सगळं एका जागी लिहितेय.

ज्यांनी नुकतीच सुरुवात केलीय त्यांच्यासाठी दोन ओळी. डोल्ट म्हणजे मायएसक्यूएलसारखा चालणारा डेटाबेस, पण त्यात गिटसारखं (प्रोग्रामर फाइलींच्या बदलांचा इतिहास ठेवायला वापरतात ते टूल) सगळं आहे, फक्त फाइलींऐवजी टेबलांचं: ब्रँच म्हणजे डेटाची वेगळी शाखा, कमिट म्हणजे बदलांची पक्की नोंद, लॉग म्हणजे त्या नोंदींची यादी, डिफ म्हणजे काय बदललं ते, मर्ज म्हणजे दोन शाखा एकत्र करणं, पुश-पुल म्हणजे दुसरीकडे पाठवणं आणि तिकडून आणणं. २०१९ पासून ओपन सोर्स आहे, १.० आवृत्ती २०२३ मध्ये आली. आमच्या कामात याचा खरा उपयोग म्हणजे फवारणीची तारीख कोणी, कधी बदलली आणि आधी काय होती हे नंतर दाखवता येतं. एक्सेलमध्ये "फायनल", "फायनल नवीन", "फायनल नवीन २" अशा फाइली पडलेल्या असतात आणि त्यातली खरी कुठली हे ज्याने बनवली त्यालाही सांगता येत नाही.

कमांड मी इथे देवनागरीत लिहितेय, टाकताना अर्थातच इंग्रजी अक्षरांत टाकायच्या. टेबलाचं नाव प्लॉट, डेटाबेसचं नाव द्राक्ष असं धरलंय.

सगळ्यात आधी, फुकटचं काम

सर्व्हर बंद करा आणि अख्खा फोल्डर, आतल्या डॉट डोल्ट फोल्डरसकट, दुसरीकडे कॉपी करा. पेनड्राइव्हवर, दुसऱ्या डिस्कवर, कुठेही. सर्व्हर चालू असताना कॉपी करू नका, अर्धवट लिहिलेली अवस्था कॉपी होऊ शकते. हे पाच मिनिटांचं काम आहे, ते झालं की पुढे काहीही चुकलं तरी मागे यायला जागा राहते.

आणि ही कॉपी होईपर्यंत पुढच्या गोष्टी अजिबात करायच्या नाहीत: रीसेट डॅश डॅश हार्ड, डॉट डोल्ट फोल्डर डिलीट करून पुन्हा इनिट (म्हणजे नव्याने रिकामा डेटाबेस सुरू करणं), डोल्ट जीसी, आणि तीच सीएसव्ही पुन्हा इम्पोर्ट करणं. कारण सांगते. कमिट न झालेलं काम डोल्टमध्ये वर्किंग सेटमध्ये असतं, रीसेट हार्ड नेमकं तेच पुसतं. जीसी म्हणजे गार्बेज कलेक्शन, ज्या तुकड्यांकडे कुठलीच ब्रँच किंवा कमिट बोट दाखवत नाही ते तो काढून टाकतो, आणि चुकून पुसलेलं काम नेमकं त्याच तुकड्यांत शिल्लक असतं. नव्या आवृत्त्यांत सर्व्हर ही साफसफाई स्वतःहून करतो, म्हणून तर सर्व्हर आधी बंद करा म्हणतेय.

कॉपी झाली? मग सर्व्हर पुन्हा चालू करून खालचं क्रमाने बघा. सोपं आणि बिनखर्चाचं आधी.

१. तुम्ही योग्य फोल्डरमध्ये आहात का

हसण्यासारखं वाटेल पण दर चार फोनमागे एक हाच निघतो. डोल्ट एसक्यूएल-सर्व्हर ही कमांड ज्या फोल्डरमधून चालवली तिथले डेटाबेस तो दाखवतो. म्हणजे काल तुम्ही डी ड्राइव्हच्या फोल्डरमधून सर्व्हर चालू केला आणि आज डेस्कटॉपवरून केला, तर आजच्या सर्व्हरला कालच्या डेटाबेसचा पत्ताच नसतो. तो एररही देत नाही, कारण त्याच्या दृष्टीने काही चुकलेलंच नसतं. आणि त्यात जर तुम्ही "डेटाबेस नाहीये वाटतं" म्हणून क्रिएट डेटाबेस मारलं, तर त्याच नावाचा दुसरा, रिकामा डेटाबेस नव्या जागी तयार होतो आणि मग गोंधळ दुप्पट.

शो डेटाबेसेस मारा. मग सर्व्हर कुठून चालू केला तो फोल्डर बघा. संपूर्ण मशीनवर डॉट डोल्ट नावाचे फोल्डर शोधा, दोन-तीन सापडले तर प्रत्येकात जाऊन डोल्ट लॉग बघा, कुठल्यात शेवटची तारीख अलीकडची आहे ते लगेच कळतं. कायमचा उपाय म्हणजे सर्व्हर चालू करताना डॅश डॅश डेटा-डिर देऊन पूर्ण पत्ता लिहायचा आणि ती ओळ एका बॅच फाइलमध्ये ठेवून द्यायची, म्हणजे ऑपरेटर कुठूनही चालू करो, जागा तीच राहते.

२. समोर खरंच डोल्टच आहे का

डोल्टचा सर्व्हर ३३०६ पोर्ट घेतो. मायएसक्यूएलचाही ठरलेला पोर्ट तोच. ज्या मशीनवर कधीकाळी अकाउंटिंगसाठी किंवा कॉलेजच्या प्रोजेक्टसाठी मायएसक्यूएल टाकलेलं आहे तिथे ते मशीन चालू झाल्याबरोबर आपणहून उठतं आणि पोर्ट अडवून बसतं, डोल्ट चालूच होत नाही, ती एरर मागच्या खिडकीत कोणी वाचत नाही, आणि तुमचं टूल आनंदाने त्या जुन्या मायएसक्यूएलला जोडलं जातं.

तपासायला एकच ओळ:

सिलेक्ट डोल्ट_व्हर्जन();

उत्तर आलं तर डोल्ट. असं फंक्शनच नाही म्हणाला तर तुम्ही दुसऱ्याच घरात शिरलायत. नुसतं व्हर्जन() विचारू नका, डोल्टही तिथे मायएसक्यूएलसारखाच आकडा सांगतो. उपाय सोपा, डोल्टला डॅश डॅश पोर्ट ३३०७ देऊन चालू करा आणि टूलमध्येही तोच टाका. लिनक्सवर किंवा मॅकवर असाल तर होस्टच्या जागी लोकलहोस्ट न लिहिता १२७.०.०.१ लिहा, कारण लोकलहोस्ट म्हटलं की मायएसक्यूएलचा क्लायंट पोर्ट न बघता सॉकेट फाइलने जातो आणि पुन्हा त्या जुन्या सर्व्हरकडेच पोचतो.

३. कुठल्या ब्रँचवर आहात

इथे थांबून नीट वाचा, कारण सगळ्यात जास्त लोक इथेच अडकतात, आणि गिट येणारे तर जास्तच.

दिंडोरीच्या एका गटातल्या मुलाने वर्कबेंचमधून (मायएसक्यूएलच्या खिडकीवाल्या टूलमधून) दिंडोरी नावाची ब्रँच काढली, कॉल डोल्ट_चेकआउट('दिंडोरी') करून त्या ब्रँचवर गेला, दुपारभर बसून साठ प्लॉट भरले, लॅपटॉप मिटला आणि घरी गेला. सकाळी उघडलं तर साठातला एकही नाही. त्याने काहीच चुकीचं केलं नव्हतं. सर्व्हरवर चेकआउट हे फक्त त्या एका सेशनपुरतं, म्हणजे त्या एका कनेक्शनपुरतं असतं. कनेक्शन तुटलं, नवं जोडलं, की तुम्ही पुन्हा ठरलेल्या ब्रँचवर, म्हणजे बहुतेक वेळा मेन या मुख्य ब्रँचवर. त्याचे साठ प्लॉट दिंडोरी ब्रँचवर शांतपणे बसले होते.

म्हणून पहिलं हे विचारा:

सिलेक्ट ॲक्टिव्ह_ब्रँच();

आणि मग:

सिलेक्ट * फ्रॉम डोल्ट_ब्रँचेस;

आता दुसऱ्या ब्रँचवर डोकवायचं कसं. दोन पद्धती आहेत आणि त्यांच्यातला फरक कळणं फार गरजेचं आहे. सिलेक्ट * फ्रॉम प्लॉट ॲज ऑफ 'दिंडोरी' असं लिहिलं तर त्या ब्रँचचं शेवटचं कमिट दिसतं, कमिट न झालेलं दिसत नाही. त्या मुलाने हेच करून बघितलं होतं, साठ प्लॉट कमिट झालेले नव्हते, त्यामुळे इथेही शून्य दिसलं आणि त्याचा धीरच सुटला. खरं बघायचं असेल तर डेटाबेसच्या नावाला ब्रँच जोडून लिहायचं, बॅकटिकमध्ये:

सिलेक्ट काउंट(*) फ्रॉम `द्राक्ष/दिंडोरी`.प्लॉट;

याने त्या ब्रँचचा वर्किंग सेट दिसतो, म्हणजे कमिट न झालेलंही. यात साठ आले आणि मग त्याचा चेहरा बघण्यासारखा होता.

गिटवाल्यांसाठी अजून एक. गिटमध्ये अर्धवट काम घेऊन तुम्ही दुसऱ्या ब्रँचवर गेलात तर ते काम तुमच्याबरोबर येतं. डोल्टची टर्मिनलमधली डोल्ट चेकआउट कमांडही तशीच वागते. पण एसक्यूएलमधलं डोल्ट_चेकआउट तसं वागत नाही, तिथे प्रत्येक ब्रँचला स्वतःचा वर्किंग सेट असतो आणि कमिट न केलेलं काम ज्या ब्रँचवर केलं तिथेच राहतं. एकाच नावाच्या दोन गोष्टी वेगळ्या वागतात, हे एकदा डोक्यात बसलं की निम्मे फोन कमी होतात.

आणि ॲप लिहिणाऱ्यांसाठी: कनेक्शन पूल (आधीच उघडून ठेवलेली, आलटूनपालटून वापरायची कनेक्शनं) वापरत असाल तर चेकआउट एका कनेक्शनवर होतं आणि पुढची इन्सर्ट भलत्याच कनेक्शनवर जाते, जे अजून मेनवर आहे. मग कधी इकडे कधी तिकडे अशा ओळी पडतात आणि वरचं "ॲपमध्ये दिसतं, टर्मिनलमध्ये नाही" हे लक्षण तयार होतं. ॲपमध्ये चेकआउट वापरूच नका. कनेक्शनच्या ओळीतच डेटाबेसचं नाव द्राक्ष/दिंडोरी असं द्या, म्हणजे पूलमधलं प्रत्येक कनेक्शन त्याच ब्रँचवर उघडतं.

४. कमिट म्हणजे कुठलं कमिट

आमच्याकडे मार्केट यार्डात जुने आडते अजून दोन वह्या ठेवतात, दिवसभराचं कच्च्या वहीत आणि नंतर ते खतावणीवर चढवायचं. डोल्टमध्ये अगदी हेच आहे. एसक्यूएलचं कमिट म्हणजे कच्च्या वहीत लिहिलं, ते आता वर्किंग सेटमध्ये आहे, सर्व्हर बंद करून चालू केला तरी जात नाही. डोल्टचं कमिट म्हणजे खतावणीवर चढवलं, तारखेसह, नावासह, संदेशासह. इतिहास फक्त दुसऱ्याचा राहतो आणि पुश फक्त दुसरंच होतं. ओझरच्या माणसाकडे टेबल का पोचलं नाही त्याचं उत्तर बहुतेक वेळा हेच असतं.

बघा:

सिलेक्ट * फ्रॉम डोल्ट_स्टेटस;

इथे तुमचं टेबल दिसलं तर काम सुरक्षित आहे, फक्त चढवायचं राहिलंय. आधी डोल्ट डिफ मारून काय बदललंय ते डोळ्यांनी बघा, मग:

कॉल डोल्ट_कमिट('-एएम', 'दिंडोरी प्लॉट नोंदणी');

यातला ए मोठा, एम छोटा. हे मुद्दाम सांगतेय, कारण ए छोटा टाकला तर फक्त आधीपासून असलेली टेबलं घेतली जातात, नवं तयार केलेलं टेबल मागे राहतं. कमिट झालं असा हॅशही (त्या कमिटचा ओळख-क्रमांक) मिळतो, त्यामुळे संशयही येत नाही, आणि पुल करणाऱ्याकडे नेमकं नवंच टेबल नसतं. स्टेटसमध्ये टेबल नवं म्हणून दिसतंय पण मोठ्या एनेही उचललं जात नाही असं असेल तर डोल्ट_इग्नोर टेबल (कमिटमध्ये न घ्यायच्या टेबलांची यादी) बघा, कोणीतरी त्या नावाचा पॅटर्न तिथे टाकलेला असेल.

आता वाईट बातमी, ती लपवण्यात अर्थ नाही. कच्च्या वहीतही लिहिलं गेलं नाही अशी एक अवस्था असते. पायथनचा मायएसक्यूएल कनेक्टर वापरला तर ऑटोकमिट, म्हणजे प्रत्येक कमांडनंतर आपोआप होणारं एसक्यूएलचं कमिट, मुळात बंद असतं. स्क्रिप्टने पाचशे ओळी टाकल्या, स्क्रिप्टनेच मोजल्या, पाचशे दाखवल्या, आणि शेवटी कमिट न करताच कनेक्शन बंद झालं. त्या ओळी रोलबॅक झाल्या, म्हणजे मागे घेतल्या गेल्या, त्या कुठल्याही ब्रँचवर नाहीत, शोधत बसू नका. स्क्रिप्टमध्ये कनेक्शनवर कमिट() घाला आणि पुन्हा चालवा. काही जीयूआय टूलमध्येही ऑटो आणि मॅन्युअल असं बटण असतं, कोणाच्या हाताने मॅन्युअल झालं तर तिथेही हेच होतं.

डोल्ट_ट्रान्झॅक्शन_कमिट नावाचं सेटिंग चालू केलं की प्रत्येक एसक्यूएल कमिटबरोबर डोल्टचंही कमिट होतं. ऐकायला छान वाटतं, पण मी बसवत नाही. एकेक ओळ भरणाऱ्या ऑपरेटरकडे दिवसाला शेकडो कमिट तयार होतात, सगळ्यांना तोच ठोकळेबाज संदेश, आणि सीझनच्या शेवटी "ही तारीख का बदलली" हे शोधायला गेलं तर लॉग वाचताच येत नाही. संध्याकाळी निघताना एक कमिट, काय केलं ते मराठीत एका ओळीत लिहून, ही सवय लावा.

५. ओळी कमी भरतायत: प्रायमरी की बघा

४१२ च्या ३९७ कशा झाल्या ते सांगते. बागायतदारांच्या एका गटाने जमिनीचा गट नंबर हीच प्रायमरी की (प्रत्येक ओळ वेगळी ओळखायचा रकाना) केली होती. गट नंबर गावापुरता वेगळा असतो, गाव बदललं की तोच नंबर पुन्हा येतो. निफाड तालुक्यातल्या एका गावाचा गट १४५ आधी आला, मग दिंडोरीकडच्या गावाचा गट १४५ आला, आणि इम्पोर्ट डॅश यू म्हणजे अपडेटने चालवलेलं असल्यामुळे दुसऱ्याने पहिल्याला शांतपणे झाकून टाकलं. एका शेतकऱ्याची बाग रजिस्टरमधून गेली आणि कोणाला कळलं नाही. ज्या माणसाने वर्षभर खपून माल तयार केला त्याचं नाव आपल्या आळसामुळे यादीतून जावं हे मला अजिबात चालत नाही, म्हणून नवीन गट आला की मी पहिल्यांदा हीच गोष्ट बघते.

की गाव, गट नंबर आणि पोटहिस्सा या तिघांची मिळून करा. झाकली गेलेली ओळ परत मिळेल का, ते कधी झाकली यावर आहे. आधीच्या कमिटमध्ये ती होती तर डोल्ट_हिस्टरी_प्लॉट या टेबलात गट १४५ शोधा, सगळ्या जुन्या अवस्था तारखेसह मिळतात. एकाच इम्पोर्टमध्ये झाकली गेली असेल तर इतिहासात ती कधी आलीच नव्हती, मूळ सीएसव्हीतूनच घ्यावी लागेल. म्हणून मूळ फाइल कधी डिलीट करू नका.

डिफवरूनही हे पकडता येतं. नव्या गावाची यादी टाकली आणि डिफमध्ये नव्या ओळींबरोबर बदललेल्या ओळी दिसायला लागल्या तर लगेच थांबा, कमिट करू नका. नव्या गावाने जुन्या ओळी बदलायचं काहीच कारण नाही. इम्पोर्टला डॅश आर दिलं तर आहे तो सगळा डेटा बदलून नवाच बसतो, हेही जाता जाता लक्षात ठेवा.

गावांची नावं प्रश्नचिन्हं होऊन आली असतील तर तो डोल्टचा विषय नाही, एक्सेलमधून सेव्ह करताना साधं सीएसव्ही न निवडता सीएसव्ही यूटीएफ-८ निवडा.

६. मर्ज केलं पण झालंच नाही

डोल्ट मर्ज करताना टेबलातला एकेक चौकोन तपासतो. तुम्ही एका प्लॉटची छाटणीची तारीख बदलली आणि दुसऱ्याने त्याच प्लॉटचं क्षेत्र बदललं तर भांडण नाही, दोन्ही घेतो. एकाच ओळीच्या एकाच रकान्यात दोघांनी वेगळं लिहिलं तरच कॉन्फ्लिक्ट. आणि ऑटोकमिट चालू असताना कॉन्फ्लिक्ट आलं की डोल्ट अख्खं मर्ज मागे घेतो, कारण भांडण न सोडवता ते कायम करणं चुकीचं ठरेल. ती लांब एरर हेच सांगत असते, कोणी शेवटपर्यंत वाचत नाही एवढंच.

सेट @@ऑटोकमिट = ० करा, त्याच सेशनमध्ये पुन्हा मर्ज करा, मग डोल्ट_कॉन्फ्लिक्ट्स_प्लॉट बघा. त्यात मूळ काय होतं, आपलं काय आणि त्यांचं काय असे तिन्ही रकाने शेजारी शेजारी मिळतात. थोड्याच ओळी असतील तर प्रत्येक शेतकऱ्याला फोन लावून खरी तारीख विचारा, प्लॉट टेबलात ती अपडेट करा, कॉन्फ्लिक्टच्या टेबलातून ती ओळ डिलीट करा आणि शेवटी डोल्ट_कमिट. डोल्ट_कॉन्फ्लिक्ट्स_रिझॉल्व्हला अवर्स (आपलं) किंवा देअर्स (त्यांचं) देऊन एका फटक्यात सगळं सोडवता येतं, पण फवारणीच्या नोंदींवर ते करू नका. कुठली तारीख खरी हे कमांडला माहीत नसतं, आणि शेवटच्या फवारणीपासून काढणीपर्यंत किती दिवस गेले यावर माल पाठवायचा की नाही हे ठरतं.

कॉन्फ्लिक्ट शेकड्यांनी येत असतील तर प्रायमरी की ऑटो इन्क्रिमेंट (आपोआप वाढत जाणारा नंबर) आहे का बघा. एकाच सर्व्हरवरच्या ब्रँचेसमध्ये डोल्ट तो आकडा सांभाळतो, पण दोन लॅपटॉपवर डेटाबेसचे दोन क्लोन (स्वतंत्र प्रती) असतील, दोघेही रेंज नसलेल्या शिवारात बसून भरत असतील, तर दोघांकडेही ५०१ नंबर तयार होतो, दोन वेगळ्या शेतकऱ्यांचा. तिथे यूयूआयडी (पुन्हा तोच न येणारा लांबलचक क्रमांक) ही की वापरा, किंवा वर सांगितली तशी गाव-गट-पोटहिस्सा.

७. लॉक झालंय म्हणतो

दुसरी डोल्ट प्रक्रिया चालू आहे. टास्क मॅनेजरमध्ये शोधा, नीट बंद करा. डॉट डोल्टच्या आतली लॉक नावाची फाइल हाताने उडवू नका, लॉक ती फाइल असण्यात नसतं, ते चालू प्रक्रियेने धरलेलं असतं, आणि फाइल काढून दोन प्रक्रिया एकाच वेळी लिहायला लागल्या तर खरंच नुकसान होतं.

८. ब्रँच किंवा डेटाबेसच डिलीट झालाय

इथपर्यंत आलात म्हणजे काम जरा अवघड आहे, पण आशा आहे. सुरुवातीची कॉपी काढली नसेल तर आता काढा, पुढचं सगळं त्या कॉपीवर करायचं.

ब्रँच डिलीट झाली असेल आणि त्यावर डोल्टची कमिट झालेली असतील तर:

सिलेक्ट * फ्रॉम डोल्ट_रीफ्लॉग('दिंडोरी');

यात ती ब्रँच आधी कुठल्या कमिटवर होती ते हॅश मिळतात. त्यातला शेवटचा योग्य हॅश घेऊन कॉल डोल्ट_ब्रँच('दिंडोरी-परत', 'हॅश') केलं की ब्रँच जशीच्या तशी उभी राहते. जीसी झालेलं असेल तर मात्र हे रिकामं मिळू शकतं. ड्रॉप डेटाबेस झालं असेल तर कॉल डोल्ट_अनड्रॉप('द्राक्ष') करून बघा, डोल्ट ड्रॉप केलेला डेटाबेस लगेच नष्ट करत नाही, बाजूला ठेवतो. डोल्ट_पर्ज_ड्रॉप्ड_डेटाबेसेस कोणी चालवलं असेल तर मात्र तो कायमचा गेला.

इथे थांबा आणि जाणकाराला बोलवा

रीसेट हार्ड आधीच मारलं गेलंय, काम कमिट झालेलं नव्हतं आणि ते पुन्हा भरता येण्यासारखं नाही, तर लगेच थांबा. जुने तुकडे डिस्कवर असू शकतात पण ते काढणं वरच्या कुठल्याच कमांडने होत नाही, आणि तुम्ही जितकं चालवाल तितकं ते कमी होत जाईल. डेटा धड आहे का ते तपासणारी डोल्ट एफएससीके (एफ एस सी के) ही कमांड सर्व्हर बंद ठेवून चालवल्यावर एरर दाखवत असेल, किंवा साधं डोल्ट लॉगच चालत नसेल, तरी थांबा, तो डेटा बिघडल्याचा प्रकार आहे. डिस्क आवाज करत असेल, फाइल कॉपी होताना अडकत असेल, तर डोल्टचा विचारही करू नका, मशीन बंद करा आणि डेटा रिकव्हरीवाल्याकडे द्या. आणि सर्व्हरवर एकाच वेळी दहा लोक काम करत असतील आणि माल कंटेनरमध्ये भरायची वेळ असेल, तर स्वतः प्रयोग करू नका, भले तुम्हाला सगळं येत असलं तरी.

जाणकार म्हणजे मायएसक्यूएल आणि गिट दोन्ही हाताळलेला माणूस. असा जवळ नसेल तर डोल्ट बनवणाऱ्यांचा डिस्कॉर्डवर चॅट ग्रुप आहे, गिटहबवर इश्यू टाकता येतो, तिथे ते लोक स्वतः उत्तर देतात. तिथे शेतकऱ्यांची नावं, फोन नंबर असलेला डेटा मात्र टाकू नका. डोल्टची आवृत्ती, शेवटच्या चालवलेल्या दहा-पंधरा कमांड जशा आठवतील त्या क्रमाने, स्टेटसचं उत्तर आणि एररचा पूर्ण मजकूर द्या. फोटो काढून पाठवू नका, कॉपी करून पेस्ट करा, कारण एररमध्ये हॅश असतात, ते बत्तीस अक्षरी असतात आणि फोटोवरून टाइप करताना शून्य आणि ओ, एक आणि एल यांची अदलाबदल झाली की समोरचा माणूस तासभर नसलेलं कमिट शोधत बसतो.